मॅलमच्या सोप्या वाटा: आई-बाबांना घेऊन यॉर्कशायरच्या एका गावाभोवती

लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर या भागातल्या मराठी घरांत उन्हाळ्यात आई-बाबा मुक्कामाला आले की काही आठवड्यांत एक प्रश्न येतोच. लंडन झालं, यॉर्क झालं, दुकानं पाहून झाली, आता कुठे न्यायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. एक खेडं निवडा, सकाळी तिथे पोचा आणि दिवसभर पायी फिरा. गाडीच्या काचेतून दिसणारा इंग्लंड आणि पायाखाली येणारा इंग्लंड यांत फार अंतर आहे, आणि दुसरा बघायला डोंगर चढायची ताकद लागत नाही.

त्यासाठी मी मॅलम सुचवते. यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानातलं हे छोटं गाव. मधून ओढा वाहतो, दोन पब, चहाची एक-दोन ठिकाणं, आणि गावाच्या वेशीवरूनच चारी दिशांना पायवाटा फुटतात. त्यातल्या काही इतक्या सपाट आहेत की सत्तरीतली माणसं आरामात चालतात, काही चांगल्या दमवतात. म्हणून कोणी कुठली वाट घ्यायची ते आधी ठरवायला हवं. माझा नियम एकच: ज्याचे गुडघे सगळ्यांत नाजूक, त्याच्या मापाने वाट निवडा. उरलेल्यांना जास्त चालायची हौस असेल तर त्यांनी दुपारी वेगळं जावं.

कधी जायचं, कसं जायचं

एप्रिलचा शेवट ते जूनचा मध्य हा सर्वांत चांगला काळ. कुरणांत मेंढ्यांची पिल्लं असतात, ओढ्याकाठी रानलसूण फुललेली असते, आणि संध्याकाळ लांबते. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे घाई नसते. सप्टेंबरही छान असतो, गर्दी ओसरलेली असते. ऑगस्टमधले शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे मात्र टाळा. अख्खं यॉर्कशायर तिथे लोटतं आणि अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. डिसेंबरमध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दगडांवर बर्फाचा पातळ थर असतो, तेव्हा वयस्कर माणसांना घेऊन जाऊ नये.

लीड्सहून गाडीने साधारण सव्वा तास लागतो. गावाच्या दक्षिण टोकाला राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र आहे, त्याला लागून पैसे भरून गाडी लावायची जागा आणि स्वच्छतागृह. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाच्या आत पोचलात तर जागा मिळते. तिथलं स्वच्छतागृह आधीच वापरून घ्या, कारण पुढे वाटेवर सोय नाही. आई-बाबा संकोचाने बोलत नाहीत आणि मग पाणीच पीत नाहीत, म्हणून हे त्यांना निघतानाच सांगून टाका.

गाडी नसेल तर लीड्सहून स्किप्टनपर्यंत रेल्वेने पाऊण तासात पोचता येतं. तिथून मॅलम १८ किलोमीटरच्या आसपास. बस आहेत, पण दिवसाला मोजक्याच, आणि आठवड्याच्या दिवसांचं आणि रविवारचं वेळापत्रक वेगवेगळं असतं. परतीची शेवटची बस किती वाजता ते निघण्यापूर्वी बघा आणि त्याच्या आधीच्या बसने परतायचा बेत ठेवा.

वाट कोणाची असते

आपल्याकडून आलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो तो वाट सरळ कोणाच्या तरी शेतातून जाते याचा. कुंपण आहे, आत मेंढ्या चरताहेत, पलीकडे शेतकऱ्याचं घर दिसतंय, आणि आपण फाटक उघडून आत शिरतो. माझे बाबा पहिल्यांदा आले तेव्हा फाटकाशीच थांबून राहिले, "मालकाला विचारायला नको का?" म्हणाले. विचारायला नको. इंग्लंडमध्ये हजारो मैल पायवाटा अशा आहेत की जमीन खासगी असली तरी त्या वाटेवरून चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना आहे. तुम्ही नागरिक आहात की पाहुणे, याने काही फरक पडत नाही.

हा हक्क सहज मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशायरमधल्या किंडर स्काउट या पठारावर शेकडो तरुण कामगार बंदी मोडून चढले. ते पठार जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवलेलं होतं. त्या दिवसाच्या झटापटीबद्दल पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४५ साली जॉन डावर यांनी राष्ट्रीय उद्यानांबद्दलचा अहवाल लिहिला आणि त्याच्या पायावर १९४९ चा कायदा उभा राहिला. हे डावर मॅलमच्या शेजारच्या कर्कबी मॅलम गावात राहायचे. यॉर्कशायर डेल्स १९५४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. आणि इंग्लंडचा पहिला दीर्घ पल्ल्याचा राष्ट्रीय पायी मार्ग, ४३० किलोमीटरचा पेनाइन वे, २४ एप्रिल १९६५ रोजी इथेच, मॅलमजवळच्या माळावर खुला झाला. तारीख तीच. तुम्ही ज्या वाटेने मॅलम कोव्ह या उंच कड्याकडे जाणार आहात ती याच पेनाइन वेचा तुकडा आहे.

हे आई-बाबांना चालता चालता सांगा. आपण कोणाच्या जमिनीत घुसलेलो नाही हे कळलं की पाऊल मोकळं पडतं.

खुणा आणि फाटकं

रस्त्यावरून पायवाट जिथे सुटते तिथे खांबावर पाटी असते. आत शिरल्यावर फाटकांवर आणि खांबांवर छोटे बाण दिसतात. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा बाण म्हणजे तिथून घोडे आणि सायकलीही जाऊ शकतात, तेव्हा मागून आवाज आला की बाजूला व्हा. पेनाइन वेवर ओकच्या फळाचं चिन्ह दिसेल.

फोनवरचा नकाशा गावात चालतो, दोन टेकड्यांमध्ये शिरलात की नेटवर्क जातं. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा, एक्सप्लोरर मालिकेतला ओएल २ हा कागदी नकाशा घ्या, किंवा घरून निघतानाच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. या नकाशात एक किलोमीटर म्हणजे चार सेंटिमीटर. पायवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात: आखूड तुकडे असतील तर पायवाट, लांब असतील तर घोड्यांची वाट. शेतांच्या भिंतीसुद्धा बारीक काळ्या रेषांनी दाखवलेल्या असतात, त्यामुळे आपण कितव्या शेतात आहोत हे मोजत जाता येतं.

आता फाटकं. वयस्कर माणसांच्या दृष्टीने वाटेची लांबी एक वेळ बाजूला ठेवा, पण वाटेत काय काय ओलांडावं लागतं ते आधी बघा. सर्वांत सोयीचं ते किसिंग गेट. अर्धगोल किंवा त्रिकोणी कठडा असतो आणि त्याच्या आत झुलणारं एक फाटक. फाटक आपल्यापासून दूर ढकलायचं, कठड्याच्या कोपऱ्यात शिरून उभं राहायचं, फाटक आपल्या अंगावरून परत मागे ओढायचं, आणि मोकळ्या झालेल्या फटीतून पलीकडे जायचं. एका वेळी एकच माणूस. मेंढीला हे जमत नाही म्हणून फाटक बंद करायची कटकट नाही. पाठीवर मोठी पिशवी असेल तर ती आधी काढून पलीकडच्या माणसाकडे द्या, नाहीतर कोपऱ्यात अडकायला होतं. आईला पहिल्यांदा तुम्ही पुढे जाऊन दाखवा. दुसऱ्या फाटकापासून ती स्वतःच जाईल आणि तिसऱ्यापाशी नातवंडांना शिकवत असेल.

दुसरा प्रकार स्टाइल. भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या किंवा लाकडी फळ्या चढून पलीकडे उतरायचं. इथे गुडघ्याचा कस लागतो, कारण एकेक पायरी उंच असते. उतरताना भिंतीकडे तोंड करून, शिडी उतरतो तसं उतरावं. तिसरा प्रकार भिंतीतली अरुंद फट, ज्यातून माणूस जेमतेम तिरका होऊन जातो. मुलांना यातच सगळ्यांत जास्त मजा येते.

साधं रुंद फाटक असेल तर ते जसं दिसलं तसंच ठेवून पुढे जायचं. बंद होतं तर बंद करा. उघडं अडकवून ठेवलेलं असेल तर उघडंच राहू द्या, शेतकऱ्याने जनावरांना पाण्यावर जाता यावं म्हणून ते ठेवलेलं असतं. आणि भिंतींवर चढू नका. कोकणातल्या गडग्यांसारख्याच या भिंती चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या आहेत: दोन बाजूंना दोन थर, मध्ये बारीक दगडांची भर, अधूनमधून दोन्ही थर बांधणारा आरपार दगड, आणि वर टोपीसारखी ओळ. वरचा एक दगड निसटला की पावसा-गोठणीत खालचा भाग हळूहळू ढासळतो.

कपडे आणि बूट

सगळ्यांत महत्त्वाचे बूट. तळाला खोल खाचा हव्यात. मॉलमध्ये फिरायचे पांढरे बूट ओल्या गवतावर सरकतात. नवे बूट घेतलेच तर आधी काही दिवस घराजवळच्या बागेत वापरून पाय सरावू द्या. जीन्स नको, भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर चांगले: आत बनियन किंवा टी-शर्ट, वर लोकरी किंवा फ्लीसचं जाकीट, आणि त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट, मे महिन्यातसुद्धा. छत्रीचा उपयोग नाही, माळावर वारा ती उलटी करतो. आईला साडीतच बरं वाटत असेल तर गावातल्या आणि कोव्हच्या पायथ्यापर्यंतच्या वाटेला हरकत नाही, पण ती घोट्याच्या वर राहील अशी नेसलेली हवी. स्टाइल असलेल्या वाटेवर सलवार किंवा ट्रॅकपँट बरी.

चालण्याची काठी एक तरी ठेवा. बाबा "मला काय गरज" म्हणतील. कोणाच्या तरी हातात द्या, परतीच्या उताराला ती बाबांकडेच गेलेली असेल.

पहिली वाट: गावातून कोव्हच्या पायथ्याशी

ही सर्वांसाठी. जाऊन-येऊन सव्वातीन किलोमीटरच्या आसपास, रमतगमत दीड तास.

गाडी लावलेल्या ठिकाणाहून गावात उत्तरेकडे चाला. बक इन पबच्या पुढे रस्त्याला फाटा फुटतो, तिथे डावीकडचा रस्ता धरा. थोडा चढ आहे. इथे काही अंतर गाड्यांच्या रस्त्यावरूनच जायचं आहे, म्हणून एका ओळीत. मग उजव्या हाताला फाटक येतं आणि तिथून खडी दाबून केलेली चांगली वाट शेतातून उतरते. मोठ्या चाकांची बाबागाडीही इथून जाते.

फाटकातून आत शिरताच समोर मॅलम कोव्ह दिसतो. चुनखडकाचा पांढरट, आत वळलेला कडा, ८० मीटर उंच आणि ३०० मीटर रुंद. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाचं पाणी या कड्यावरून धबधब्यासारखं कोसळत होतं. नंतर पाण्याने चुनखडकात जमिनीखालून वाटा काढल्या आणि धबधबा थांबला. डिसेंबर २०१५ मधल्या डेस्मंड वादळात मात्र इतका पाऊस झाला की काही तास कड्यावरून पुन्हा पाणी पडलं. हयात असलेल्या कोणी त्याआधी ते पाहिलेलं नव्हतं.

वाटेने जाताना दोन्ही बाजूंच्या उतारांकडे बघा. गवताखाली आडव्या पायऱ्या दिसतील, जुन्या काळच्या शेतीचे बांध. ऊन तिरपं असताना ते उठून दिसतात, दुपारी बाराला जवळपास दिसत नाहीत.

कड्याच्या तळाशी एका बुटक्या फटीतून ओढा बाहेर येतो. आवाज न करता, काचेसारखं पाणी. इथे थांबायला हवं. खडकावर बसून वर बघा. दोराला लटकलेले चढाई करणारे दिसतील, आणि वसंतात या कड्यावर बहिरी ससाण्याची जोडी घरटं करते. त्या दिवसांत पायथ्याशी दुर्बिणी लावून पक्षी दाखवणारे स्वयंसेवक अनेक वर्षं उभे राहत आले आहेत. दिसले तर बिनधास्त विचारा, त्यांना दाखवायला आवडतं. ओढ्यातल्या दगडांवर शेपटी हलवणारा, पोटाला पिवळा पक्षी दिसला तर तो करडा धोबी. महाराष्ट्रात तो हिवाळ्यात येतो, बाबांना पक्ष्यांची आवड असेल तर लगेच ओळखतील.

गुडघ्यांचा त्रास असेल तर इथूनच मागे फिरा. कड्याच्या डाव्या अंगाने वर जायला जवळपास ४०० दगडी पायऱ्या आहेत, कमी-जास्त उंचीच्या. त्या न चढता परतलं तरी कोव्ह पाहून झाला, काही राहून गेलं असं मनात आणू नका.

दुसरी वाट: जॅनेट्स फॉस

मला विचाराल तर घरच्यांना घेऊन जायची मॅलममधली सर्वांत सुंदर वाट ही, एका छोट्या धबधब्याकडे जाणारी. एका बाजूने अडीच किलोमीटरच्या आत, सावकाश पाऊण ते एक तास.

माहिती केंद्रासमोर रस्ता ओलांडून ओढ्यावरच्या छोट्या पुलाने पलीकडे जा आणि उजवीकडे, पाण्याच्या दिशेने वळा. थोड्या अंतरावर वाट फुटते: सरळ पेनाइन वे जातो, डावीकडे जॅनेट्स फॉसची पाटी. डावीकडे वळा. पुढे शेतांमागून शेतं, किसिंग गेटं, आणि मध्ये एकटी उभी असलेली दगडी कोठारं. पूर्वी खाली गुरं बांधायची आणि वर गवत भरायचं, म्हणजे हिवाळ्यात चारा वाहून न्यावा लागत नसे. ही सगळी वाट जवळपास सपाट आहे.

शेवटचा टप्पा झाडीतून जातो, ओढ्याला लागून. एप्रिल-मेमध्ये तिथे शिरण्याआधीच वास येतो, फोडणीत लसूण पडल्यासारखा. दोन्ही काठांवर रानलसणीची रुंद हिरवी पानं आणि पांढरी फुलं पसरलेली असतात. पानं खाण्याजोगी असली तरी तोडू नका. हे जपलेलं वन आहे, आणि तिच्यासारखीच पानं असलेल्या विषारी वनस्पती याच जमिनीत उगवतात. वाटेत आडव्या पडलेल्या खोडांत लोकांनी ठोकलेली शेकडो नाणी दिसतात. मुलांना दाखवा, पण त्यात भर घालू नका, लाकूड आणखी लवकर कुजतं.

शेवटी एक छोटा धबधबा आणि खाली हिरवट पाण्याचा डोह. धबधब्यामागच्या गुहेत पऱ्यांची राणी जॅनेट राहते अशी इथली जुनी गोष्ट आहे. धबधब्यामागच्या दगडाकडे नीट बघा: तो वरून ओघळून गोठल्यासारखा, फुगीर दिसतो. पाण्यात विरघळलेला चुना शेवाळावर साचत जाऊन तो तयार झाला आहे आणि अजून वाढतो आहे. म्हणून त्यावर पाय द्यायचा नाही. डोहात पूर्वी लोकर कातरण्याआधी मेंढ्या धूत असत. आता काहीजण पोहतात. पाणी भर उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं, मुलांना घोट्यापर्यंतच जाऊ द्या.

या वनातली वाट पावसानंतर चिखलाची होते आणि दगड ओले असतात. आल्या वाटेने परत जाणं सर्वांत सोपं. डोहापासून रस्त्यापर्यंतचा लहान चढ ज्यांना झेपेल त्यांनी वर येऊन उजवीकडे रस्त्याने गॉर्डेल पुलापर्यंत जावं. पुलाच्या थोडं पुढे डावीकडे फाटक आहे, तिथून सपाट मैदानातून दहा-पंधरा मिनिटांत गॉर्डेल स्कार. दोन्ही बाजूंचे कडे १०० मीटरपर्यंत उंच, जवळ जवळ येत जातात आणि वळणावर धबधबा समोर येतो.

तिथे थांबा. धबधब्याच्या शेजारून वर चढून जाणारे लोक दिसतील. ती वाट नकाशावर आहे, पण हात लावून चढायची आहे, आणि हजारो बुटांनी खडक गुळगुळीत झालेला आहे. सह्याद्रीत गड चढलेल्या आपल्या मंडळींना खडक दिसला की चढावंसं वाटतं. सह्याद्रीचा खरखरीत काळा खडक बूट धरून ठेवतो, ओला चुनखडक साबणासारखा निसटतो. इथला मोह आवरा.

तिसरी वाट: पाणी कुठे जातं ते बघायला

जेवणानंतर हातपाय मोकळे करायला छोटी फेरी हवी असेल तर गावातून पेनाइन वेने दक्षिणेकडे जा. एअर हेड झरे गावापासून जवळच आहेत, शेताच्या कडेला जमिनीतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येतं. दिसायला साधं ठिकाण. पण हे पाणी कुठलं ते कळलं की थांबून बघावंसं वाटतं.

त्यासाठी गावाच्या वर, गाडीने मॅलम टार्नला जायला हवं. ३७७ मीटर उंचीवरचं हे तळं. चुनखडकाच्या मुलखात पाणी साठत नाही, झिरपून जातं, पण टार्नच्या खाली पाणी न सोडणारा जुना पाटीचा दगड आहे, म्हणून तळं टिकलं. टार्नमधून निघालेला ओढा दक्षिणेला काहीशे मीटर वाहतो आणि चुनखडकावर पोचताच दगडांच्या गर्दीत नाहीसा होतो. कसला खड्डा नाही, आवाज नाही, पाणी कमी कमी होत संपतं. या जागेला वॉटर सिंक्स म्हणतात, आणि गाडी लावण्याची छोटी जागा जवळच आहे. कोणालाही वाटेल की हेच पाणी कोव्हच्या तळातून बाहेर येतं. रंग वगैरे सोडून माग काढल्यावर दिसलं की ते मुख्यतः एअर हेडला, गावाच्याही खाली निघतं, आणि कोव्हच्या तळाचं पाणी बहुतांशी पश्चिमेकडच्या दुसऱ्याच ठिकाणी गुप्त झालेलं असतं. जमिनीखाली दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जातात. सकाळी वॉटर सिंक्स आणि दुपारी एअर हेड असा बेत केलात तर मुलांना भूगोलाचा तास वेगळा घ्यायला नको.

टार्नच्या पूर्व काठाने रुंद, गाडीवाटेसारखा रस्ता आहे, वयस्करांना अगदी सोयीचा. फक्त वर वारा बोचरा असतो, गावापेक्षा एक थर जास्त घाला.

सगळं एकत्र करायचं असेल तर

जॅनेट्स फॉस, गॉर्डेल आणि कोव्हचा माथा अशी पूर्ण फेरी साडेसात-आठ किलोमीटरची. साध्या हिशोबाने ताशी ५ किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाला अर्धा तास जास्त धरतात. हे एकट्या धडधाकट माणसाचं गणित. मुलं, फोटो, डबा धरून ताशी दोन-अडीच किलोमीटर मोजा, म्हणजे जवळपास अर्धा दिवस.

गॉर्डेल पुलाजवळून वाट कुरणांतून चढते, टार्नकडे जाणारा छोटा रस्ता ओलांडते आणि कोव्हच्या माथ्यावर येते. तिथे चुनखडकाची फरसबंदी आहे: राखाडी सपाट ठोकळे, त्यांच्यामध्ये हात-दोन हात खोल भेगा. ठोकळ्यांना क्लिंट आणि भेगांना ग्राइक म्हणतात. एका भेगेवर वाकून बघा. वर वारा सगळं झोडपत असतो आणि आत, सावलीत, जिभेसारख्या लांब पानांचे नेचे आणि रानफुलं निवांत वाढलेली असतात. वर गवत मेंढ्या कुरतडतात, आत त्यांचं तोंड पोचत नाही. या दगडांना कायद्याचं संरक्षण आहे, तुकडासुद्धा घरी आणायचा नाही.

चालताना प्रत्येक पाऊल बघून, मुलांचा हात धरून, आणि कड्याच्या काठापासून चांगलं लांबून. काठाला कठडा नाही. दगड ओले असतील तर फरसबंदीवर जाऊच नये.

दिशेचंही बघा. वर सांगितलेल्या दिशेने गेलात तर शेवटी त्या ४०० पायऱ्या उतराव्या लागतात, दमलेल्या पायांनी. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना. ज्यांना गुडघ्यांचीच काळजी आहे त्यांनी फेरी उलट करावी: सकाळी ताज्या पायांनी पायऱ्या चढून माथ्यावर, आणि शेवटी जॅनेट्स फॉसची सपाट वाट.

जनावरं

मेंढ्या आपणहून लांब पळतात. पिल्लांच्या दिवसांत त्यांच्या आणि पिल्लांच्या मधून जाऊ नका, उचलून घ्यायचा मोह मुलांना होतो, तो आवरा. एकटं दिसणारं पिल्लू बहुतेक वेळा हरवलेलं नसतं, आई जवळच असते.

गायींकडे मात्र गंभीरपणे बघा. आपल्याकडे गाय म्हणजे हात लावून नमस्कार करायचं जनावर. इथल्या मांसासाठी पाळलेल्या जाती अंगाने प्रचंड असतात, माणसांना सरावलेल्या नसतात, आणि वासरू बरोबर असेल तर हल्ला करू शकतात. आईला हे आधीच सांगा. कळप वाटेवर असेल तर कडेने मोठा वळसा घ्या, धावू नका, ओरडू नका. दुधाच्या जातीचा दहा महिन्यांवरचा बैल पायवाटेच्या शेतात सोडायला कायद्याने मनाई आहे. इतर जातींचा बैल गायींबरोबर असू शकतो.

उंच गवतातून चाललात तर घरी येऊन पाय, गुडघ्यामागचा भाग, कंबर तपासा. गोचीड चावली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. पुढच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, लाइम नावाचा आजार यातून होतो. नेटल या खाजऱ्या रोपाच्या पानांना हात लागून झोंबलं तर काही तासांत आपोआप शांत होतं.

खाणंपिणं

डबा घरून घ्या. धपाटे, दशम्या, चटणी, चिवडा, केळी आणि थर्मासमध्ये चहा. दूर निघून गेल्यावर उन्हात भिंतीच्या आडोशाला बसून खाल्लेल्या धपाट्याला तोड नाही. कचरा, केळ्याच्या सालीसकट, पिशवीत परत न्यायचा.

तरीही एक जेवण किंवा निदान चहा गावातल्या पबमध्ये घ्याच. आई-बाबांना पब म्हटलं की दारूचा गुत्ता डोळ्यांसमोर येतो. गावातला पब म्हणजे गावाची बैठक आहे, मुलं, म्हातारी माणसं, कुत्री सगळी तिथे असतात, आणि दारू घेतलीच पाहिजे असं नाही. बहुतेक ठिकाणी काउंटरवर जाऊन सांगायचं आणि टेबल क्रमांक द्यायचा. दुपारचं स्वयंपाकघर दोन-अडीचच्या सुमारास बंद होऊ शकतं, म्हणून एक वाजताच बसा. शाकाहारींना भाजलेला बटाटा आणि चीज, सूप, सँडविच मिळतं. सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारायला संकोच नको. चिखलाचे बूट घेऊन आत यायचं की नाही ते दारावर लिहिलेलं असतं.

वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस "मॉर्निंग" किंवा "हॅलो" म्हणेल. उत्तर द्या, पुढे जा. अरुंद वाटेवर चढून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. गाडी चालवताना ट्रॅक्टर समोर आला तर हॉर्न वाजवू नका, मागच्या रुंद जागेपर्यंत मागे घ्या. त्याचा कामाचा दिवस चालू असतो.

अडचण आली तर

निघण्याआधी घरी राहिलेल्या कोणाला तरी सांगून ठेवा: कुठली वाट, किती वाजता परत. पाय मुरगळला, कोणी पडलं आणि चालता येत नसेल तर ९९९ किंवा ११२ फिरवा, पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू मागा. हे बचाव पथक स्वयंसेवकांचं आहे, पैसे घेत नाही. आवाज पोचत नाही पण संदेश जातो अशीही जागा असते. त्यासाठी घरूनच ९९९ ला रजिस्टर हा इंग्रजी शब्द लिहून संदेश पाठवा आणि आलेल्या सूचनेप्रमाणे नोंदणी पूर्ण करा, म्हणजे संकटात संदेशाने मदत मागता येते.

व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांवर आपत्कालीन विभागात होणारे उपचार मोफत असतात, पण दाखल करावं लागलं तर खर्च येतो. त्यांच्या प्रवासविम्याच्या कागदाचा, औषधांच्या यादीचा आणि रक्तगटाचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या गाडीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवा, साखरेच्या दोन गोळ्याही.

घरी आलात की बूट बाहेरच ठोकून चिखल काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि हीटरपासून लांब वाळवा, नाहीतर चामडं तडकतं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात. थोडं घराभोवती चाला, आणि पुढच्या वेळेसाठी नकाशा टेबलावर पसरून बाबांच्या हातात पेन्सिल द्या.